गुरूचे स्मारक

सोलापूर शहरात डॉ. निर्मलकुमार फडकुले यांच्या नावाचे एक सभागृह आहे. तेथे व्याख्याने होतात, समारंभ होतात, शाळांतील मुले बक्षिसे घेण्यासाठी जातात. चौकांना, रस्त्यांना आणि इमारतींना वीरांची व पुढाऱ्यांची नावे दिलेली आपण नेहमी पाहतो. डॉ. फडकुले मात्र यांपैकी कोणीच नव्हते. ते मराठीचे प्राध्यापक होते. संतांचे वाङ्मय त्यांनी जन्मभर अभ्यासले आणि ते रसाळ वाणीने लोकांना समजावून सांगितले. एका गिरणगावाने आपल्या सभागृहाला भाषेच्या शिक्षकाचे नाव द्यावे, ही त्या गावाला शोभा देणारी गोष्ट आहे.

गुरूची आठवण जपण्याचे मार्ग अनेक आहेत. कोणी वास्तू उभारतात, कोणी संस्था स्थापन करतात. संस्कृतचे थोर प्राध्यापक डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या वयाला 80 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यांच्या शिष्यांनी व चाहत्यांनी 6 जुलै 1917 रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन केले. गुरूचा गौरव गुरूच्या डोळ्यांदेखत झाला आणि गुरूनेही आपला मोलाचा ग्रंथसंग्रह त्या संस्थेला दिला. आज देशोदेशींचे अभ्यासक तेथे येऊन जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करतात.

तिसरा मार्ग शिष्यवृत्तीचा. शिष्यवृत्ती चालते कशी, हे समजून घेणे कठीण नाही. अनेक लोक मिळून एक रक्कम गोळा करतात. ती रक्कम, म्हणजे मुद्दल, कोणी खर्च करीत नाही. ती सुरक्षित ठिकाणी ठेवतात आणि तिच्यावर येणारे व्याज तेवढे विद्यार्थ्यांना देतात. समजा, एक लाख रुपये दरसाल दर शेकडा सहा या दराने ठेवले, तर वर्षाकाठी सहा हजार रुपये व्याज मिळेल. तेवढ्यात एखाद्या मुलाची पुस्तके आणि शुल्क भागेल. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाचे भागेल. मुद्दल जसेच्या तसे राहिल्यामुळे देणारे गेले तरी देणे थांबत नाही. विहिरीतले पाणी उपसावे आणि झऱ्याने ती पुन्हा भरावी, तसाच हा प्रकार आहे.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. मुंबईचे थोर दाते जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पूर्वी फार मानाची समजली जाई. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळत असे. 1912 साली ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख या विद्यार्थ्याला मिळाली. हेच विद्यार्थी पुढे 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. एवढ्या मोठ्या पदांवर असतानाही संस्कृतची गोडी त्यांनी सोडली नाही.

परंतु एका प्राध्यापकाच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांना शिकायला पाठवावे, असा विचार प्रत्यक्ष महात्मा गांधींनी मांडला होता. ती हकीकत जाणून घेण्यासारखी आहे. ते प्राध्यापक म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. घरी नारळीची बाग होती. गावात शिक्षणाची सोय बेताचीच असल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. लहान वयातच लग्न झाले आणि बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. पण वाचनाचा नाद त्यांना स्वस्थ बसू देईना. तुकारामांची गाथा त्यांच्या हाती आली, मासिके आली, पुस्तके आली. एकदा ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांना भगवान बुद्धांचे चरित्र वाचायला मिळाले. त्या वाचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. बुद्धांनी नेमके काय सांगितले, ते मुळातून वाचावे, अशी उत्कट इच्छा त्यांच्या मनात निर्माण झाली. मुलांसाठी छापलेल्या एका लहानशा मासिकाने एका माणसाच्या आयुष्याची दिशा बदलून टाकली!

मुळातून वाचायचे, तर कोणत्या भाषेतून? बुद्धांचा उपदेश पाली भाषेत ग्रथित झालेला आहे. परंतु बौद्ध धर्म भारतातून जवळजवळ लोपला, तेव्हा त्याच्याबरोबर पालीचे अध्ययनही लोपले. ते ग्रंथ टिकले सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि सयाम या देशांतील विहारांत, आणि तेही त्या त्या देशाच्या लिपीत. आपल्याच देशात जन्मलेली विद्या शिकण्यासाठी समुद्र ओलांडून जाणे भाग होते. त्यासाठी आधी संस्कृत हवे होते, आणि धर्मानंदांना तेही येत नव्हते. त्यांचे वय तेव्हा 23 वर्षांचे होते. हाती पैसा नव्हता, पदवी नव्हती, इंग्रजीचे ज्ञान नव्हते.

1899 सालच्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. पुण्यात ते डॉ. भांडारकरांना भेटले आणि संस्कृत शिकू लागले. तेथून ते ग्वाल्हेरला व पुढे काशीला गेले. काशीत गरीब विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रे चालत. धर्मानंद अशाच अन्नछत्रात जेवत आणि पंडितांजवळ संस्कृत शिकत. मग नेपाळ, बोधगया आणि कलकत्ता असा प्रवास करीत ते 1902 साली सिंहलद्वीपात पोहोचले. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य या महापंडितांनी त्यांना आश्रय दिला. तेथे त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले आणि तेथेही ग्रंथांचे अध्ययन व ध्यान केले.

या सर्व प्रवासाला लागणारे बळ कोठून आले? कोणी आगगाडीचे भाडे दिले, कोणी चार दिवस घरी ठेवून घेतले, कोणी पुस्तक दिले. एखाद्या गावी ओळख निघाली नाही, तर उपाशी राहण्याचीही वेळ येई. चांगल्या माणसांनी त्यांना मदत केली, यात शंका नाही. पण उद्या कोण मदत करील, हे आज ठाऊक नसे. आणि साखवळला बाळाबाई वाट पाहत होत्या. त्यांना ना अन्नछत्र होते, ना गुरूचा आश्रय. विद्येचे मोल विद्यार्थी एकटाच देत नाही. पुष्कळदा घरची माणसे ते मुकाट्याने देत असतात. धर्मानंदांच्या विद्येत बाळाबाईंच्या सोसण्याचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये.

1906 साली धर्मानंद कलकत्त्यास येऊन पाली शिकवू लागले. तेथे त्यांना मान मिळाला आणि पगारही मिळाला. एवढ्यात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची व त्यांची भेट झाली. महाराष्ट्रातील लोकांना बुद्धांची शिकवण मराठीतून कळावी, ही धर्मानंदांची तळमळ महाराजांनी ओळखली. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहून अध्ययन व लेखन करावे, त्यासाठी बडोदे सरकारातून दरमहा 50 रुपये मिळतील, असे त्यांनी सुचविले. कलकत्त्यास राहिल्यास धर्मानंदांना याहून कितीतरी अधिक द्रव्य मिळाले असते. तरीही त्यांनी 50 रुपयांची वृत्ती पत्करली. पगार मोठा होता खरा, पण ज्या कामासाठी त्यांनी घर सोडले होते, ते काम या लहान वृत्तीने साधणार होते.

तिचे फळ लवकरच दिसले. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने 1910 साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुण्याला डॉ. भांडारकरांच्या खटपटीने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना बोलावून घेतले. बुद्धघोष या आचार्यांनी पाचव्या शतकाच्या सुमारास सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ हा मोठा पाली ग्रंथ रचला होता. त्याची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने आरंभिले होते. परंतु 1899 साली वॉरन निवर्तले. त्यांचे अपुरे काम पुढे नेण्यासाठी साखवळच्या नारळीच्या बागेतून आलेला हा पंडित सातासमुद्रापलीकडे गेला. ज्या वर्षी वॉरन यांनी जगाचा निरोप घेतला, त्याच वर्षी धर्मानंदांनी घराचा निरोप घेतला होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

1912 साली ते परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक झाले. 1918 पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. स्वतः कोणत्याही महाविद्यालयाची पदवी न घेतलेला मनुष्य महाविद्यालयात शिकवू लागला! त्यांच्या हाताखाली शिष्यांची एक पिढी तयार झाली. चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत आणि पु. वि. बापट हे त्यांचे नामवंत शिष्य. राजवाड्यांनी दीघनिकाय या पाली ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. भागवतांनी मुंबईत पालीचे अध्यापन केले. बापटांनी हार्वर्ड येथे जाऊन संशोधन केले. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने 1956 साली भारत सरकारने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचे संपादन याच बापटांकडे सोपविले होते. जी विद्या शिकायला गुरूला सिंहलद्वीप गाठावे लागले, ती शिष्यांना पुण्यात बसल्या ठिकाणी मिळाली. शिक्षकाचे काम ते हेच.

पुढे धर्मानंदांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास भोगला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला. हार्वर्डच्या विद्वानांत वावरलेला हा पंडित गिरणीकामगारांतही तितक्याच आपलेपणाने वावरला. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हे चरित्र मराठी वाचकांना सुपरिचित आहे.

4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथील आश्रमात धर्मानंदांचे देहावसान झाले. ते दिवस मोठ्या धामधुमीचे होते. देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता, फाळणीची वार्ता सर्वत्र पसरली होती आणि वर्तमानपत्रांत दुसऱ्या बातमीला जागा मिळणे कठीण होते. अशा वेळी गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत या अबोल विद्वानाचे आवर्जून स्मरण केले. जे स्वतःचा डंका वाजवितात त्यांना आपण ओळखतो, पण जे निमूटपणे सेवा करून जातात त्यांची आपल्याला वार्ताही नसते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

मग स्मारकाचा प्रश्न आला. धर्मानंदांचा पुतळा उभारता आला असता, एखाद्या रस्त्याला त्यांचे नाव देता आले असते. गांधीजींनी वेगळाच विचार मांडला. धर्मानंदांच्या स्मरणार्थ काही विद्यार्थ्यांना पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपी पाठवावे, असे त्यांनी सुचविले.

या सूचनेचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. सिंहलद्वीपाची वाट धर्मानंदांनी स्वतः तुडविली होती. ती त्यांनी अन्नछत्रात जेवून, अनोळखी माणसांच्या दयेवर विसंबून, घरच्यांना मागे टाकून तुडविली होती. गुरूने जो मार्ग काट्याकुट्यांतून काढला, त्याच मार्गाने शिष्य जावा. मात्र त्याच्या खिशात प्रवासाचे भाडे असावे आणि त्याच्या जेवणाची सोय ठरलेली असावी. गुरूचे कष्ट पुढच्या मुलाला पुन्हा करावे लागू नयेत, हीच गुरूबद्दलची कृतज्ञता. एवढे कष्ट सोसूनही जो शिकतो तो थोर खरा. परंतु अशा कष्टांपायी किती मुलांना अर्ध्या वाटेवरून परत फिरावे लागले असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

कोणी विचारील, दूरच्या बेटावर जाऊन जुनी भाषा शिकल्याने लोकांचे काय कल्याण होणार? याचे उत्तर काळाने दिले आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्राच्या गावोगावी बुद्धांविषयी जाणून घेण्याची इच्छा जागी झाली. त्या वेळी बुद्धांचे चरित्र व उपदेश मुळातून अभ्यासून मराठीत लिहिलेली धर्मानंदांची पुस्तके तयार होती. त्यांचे लेखक जाऊन नऊ वर्षे झाली होती, पण त्यांचे काम वाचकांची वाट पाहत उभे होते. विसुद्धिमग्गाची त्यांनी सिद्ध केलेली प्रतही हार्वर्डहून 1950 साली, त्यांच्या निधनानंतरच, प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये भारत सरकारने ज्या भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यांत मराठी आणि पाली या दोन्ही भाषा होत्या. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान या विद्यांचे पीक असे सावकाश येते. पेरणारा पुष्कळदा ते पाहायला राहत नाही. म्हणूनच अशा विद्यांच्या अभ्यासकाला कोणीतरी आधार देण्याची विशेष गरज असते.

शिष्यवृत्ती म्हणजे भीक नव्हे आणि केवळ बक्षीसही नव्हे. भीक घेणाऱ्याकडून कोणी कशाची अपेक्षा करीत नाही. बक्षीस हे झालेल्या कामाबद्दल असते. शिष्यवृत्ती ही पुढे व्हायच्या कामासाठी दिलेली असते. सयाजीरावांचे 50 रुपये घेताना धर्मानंदांनी मराठी लोकांना काही देण्याचे मनोमन कबूल केले होते, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत देत आणले. ज्या विद्यार्थ्याला एखाद्या दिवंगत शिक्षकाच्या नावाची शिष्यवृत्ती मिळते, त्याच्यावरही असेच तीन भार येतात. पहिला, मन लावून शिकण्याचा. दुसरा, ज्याच्या नावाने ती मिळाली त्याची ओळख करून घेण्याचा. तिसरा, आपले पाय स्थिर झाल्यावर मागून येणाऱ्याला हात देण्याचा.

सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणणारी, घरोघर विड्या वळणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलामुलींतही एखाद्याला इतिहासाची गोडी असते, एखादीला जुन्या शिलालेखांतील अक्षरे लावण्याचा छंद असतो. दहावीनंतर लगेच कामाला लागावे की आणखी शिकावे, हा प्रश्न त्या घरात अंकगणिताने सुटतो. महिन्याचा जमाखर्च मांडला, की उत्तर समोर येते. जमेच्या बाजूला एखाद्या जुन्या शिक्षकाच्या स्मरणार्थ दिलेले थोडे रुपये आले, तर ते उत्तर बदलू शकते. त्या रकमेमागे कोणा धनवंताचीच थैली असली पाहिजे असेही नाही. एकाच गुरुजींकडे शिकलेल्या पन्नास जणांनी वर्षाला थोडे थोडे बाजूला टाकले, तरी निधी उभा राहतो. असा विद्यार्थी पुढे स्वतः शिक्षक झाला आणि फळ्यासमोर उभा राहून शिकवू लागला, म्हणजे त्या स्मारकाचे काम चालू आहे असे समजावे.

स्वाध्याय

1. शिष्यवृत्तीच्या निधीतील मुद्दल खर्च न करण्याचे कारण काय?
2. पाली शिकण्यासाठी धर्मानंदांना परदेशी का जावे लागले?
3. ‘विद्येचे मोल विद्यार्थी एकटाच देत नाही,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
4. अधिक पगार सोडून धर्मानंदांनी 50 रुपयांची वृत्ती का पत्करली? तुमच्या मते त्यांचा निर्णय योग्य होता काय? कारणे द्या.
5. भीक, बक्षीस आणि शिष्यवृत्ती यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
6. तुमच्या गावातील एखादा रस्ता, शाळा किंवा सभागृह यांना ज्या व्यक्तीचे नाव दिले आहे, त्या व्यक्तीची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.